तो सुटावा असं मला का वाटलं?

पत्र : मी सोलापूरला एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘गुन्हेगाराचं आत्मकथन’ असा एक घटक आहे. त्यात एक पुस्तक वाचून बाराशे शब्दांचं मनोगत लिहायचं आणि वर्गात वाचायचं. मी नेटवर फुकट मिळालेली अमीर अली ठगाची कहाणी घेतली. ठग म्हणजे वाटसरूंशी गोड बोलून, मग त्यांचा गळा आवळून लुटणाऱ्या टोळीतला. ७१९ खून केलेला माणूस स्वतःच्या तोंडाने सगळं सांगतो. पहिले दोन दिवस अंगावर काटा आला, मग पुस्तक खाली ठेववेना. तो कैदेत पडला तेव्हा तर हा आता सुटणार कसा, याचीच मला काळजी लागली! पुस्तक संपल्यावर लक्षात आलं, की मेलेल्यांपैकी चार नावंही मला सांगता येत नाहीत. मैत्रीण म्हणते, हे सगळं इंग्रजांनी रचलेलं थोतांड आहे. आजी म्हणते, असलं वाचूच नये. हे खरं आहे का? माझ्यातच काही बिघाड आहे का? आणि लिहू काय? वाचन पुढच्या गुरुवारी आहे. – झोप उडालेली, सोलापूर

उत्तर : आधी पुस्तकाचं बघू, बिघाडाचं नंतर.

तुझ्या प्रतीतलं अगदी पहिलं पान उघड. नेटवरच्या प्रतींमध्ये ते ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जाता येतं आणि फसगत तिथेच होते. त्या पानावर लेखकाचं नाव आहे कॅप्टन मेडोज टेलर. लंडनला १८३९ साली तीन खंडांत निघालेली ही ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ नावाची कादंबरी आहे. ‘अमीर अलीचं आत्मकथन’ या नावाखाली तू वाचलंस ते एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेलं आहे. मात्र तुला आत्मकथन वाटलं यात तुझा दोष नाही, कारण प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच टेलर म्हणतो की ही गोष्ट जवळजवळ सगळी खरी आहे, कल्पना वापरली ती प्रसंग एकमेकांना जोडण्यापुरती. या एका वाक्यावरून पावणेदोनशेहून जास्त वर्षं वाचक घसरत आले आहेत.

टेलर काही लंडनमध्ये बसून ऐकीव गोष्टी रंगवणारा नव्हता. निजामाच्या चाकरीत त्याचं आयुष्य गेलं. तुमच्या सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नळदुर्ग लागतं, तिथे १८५०च्या दशकात तो अधिकारी होता. दख्खनचे रस्ते, सराया, बाजार त्याने पाहिलेले होते, म्हणून पुस्तकातली वाट खरी वाटते. वाटेचं वर्णन खरं आहे, तेव्हा वाटसरूही खरा असणार, असं मात्र धरून चालू नकोस.

आता मैत्रिणीचं म्हणणं. तिचं निम्मं बरोबर आहे. खून झाले होते, यात शंका नाही. इटाव्याच्या मॅजिस्ट्रेटला १८०९-१०च्या सुमारास रस्त्याकडेच्या विहिरींत प्रेतं सापडत होती. दक्षिणेत अशा टोळ्यांना फाशीगार म्हणत. त्यांच्यावर मद्रासच्या डॉ. शेरवूडने १८१६ सालीच लेख लिहिला होता, म्हणजे ठगांविरुद्ध मोहीम चालवणारा इंग्रज अधिकारी स्लीमन, त्याचं नाव गाजण्याच्या कितीतरी आधी. पुढे स्लीमनच्या माणसांनी माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेल्या जागा खणल्या आणि तिथे प्रेतं निघाली. ‘थोतांड’ हा शब्द इथे चालणार नाही.

वाद वेगळ्या गोष्टीचा आहे. देशभर पसरलेला, वंशपरंपरेने चालणारा, भवानीच्या आज्ञेने मारणारा एकच गुप्त पंथ खरंच होता, की लढाया संपल्यावर बेकार झालेले शिपाई, कोरडवाहू गावांतले शेतकरी आणि त्यांना पोसणारे जमीनदार अशा निरनिराळ्या टोळ्या होत्या? चंबळच्या बाजूला सिंदौस परगण्यात जमीनदार ठगांच्या घरांवर कर घेत असत. राधिका सिंघा आणि किम वॅगनर या इतिहासकारांचं काम ग्रंथालयात मिळालं तर दोघांचं एकेक प्रकरण वाच, मनोगताला तेवढं पुरे. देवीपेक्षा पैसा, आश्रय आणि दुष्काळ-लढायांकडे त्यांचं लक्ष जास्त आहे. तुळजापूरच्या इतक्या जवळ राहून ‘भवानीचे मारेकरी’ असं वाचताना तुला खटकलं असेल, तर तेही लिही. तो मुद्दाच आहे.

तुला एकच प्रश्न हाताशी ठेवायचा आहे : हे सांगून सांगणाऱ्याला काय मिळालं? तो कसा वापरायचा, ते एका ओळीवर करून दाखवतो. टेलरच्या आधी तीन वर्षं, १८३६ साली, कलकत्त्याहून स्लीमनचं ‘रामसीयाना’ निघालं. त्यात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे आणि माफीच्या साक्षीदारांशी झालेली सवाल-जबाबाची लांबलचक संभाषणं आहेत. स्कॅन केलेली प्रत नेटवर आहे. संभाषणांची वीस पानं वाच, कोश चाळ. सोथा म्हणजे गोड बोलून वाटसरूंशी ओळख काढणारा, लुघा म्हणजे खड्डा खणणारा, झिरनी म्हणजे इशारा. एकेका खुनात किती जणांची वाटणी होती, ते या शब्दांवरूनच कळतं. त्या संभाषणांत फिरंगिया नावाचा साक्षीदार म्हणतो, की कीव आम्हा सगळ्यांना कधी ना कधी येते, पण तुपोनीचा गूळ आमचा स्वभावच पालटून टाकतो, तो घोड्याचासुद्धा पालटेल. तुपोनी म्हणजे खून झाल्यावर गूळ वाटून खाण्याचा विधी. पुढे तो सांगतो, घरचं बरं होतं, नातलग हुद्द्यावर होते, मीही चाकरी केली, पण टोळीपासून दूर राहिलो की करमायचं नाही.

आता बघ. पहिल्या चार शब्दांत तो कबूल करतो की कीव येते. कादंबरीतल्या अमीर अलीच्या तोऱ्यापेक्षा हे कितीतरी जास्त माणसासारखं आहे. पण लगेच सगळा दोष गुळावर! हात त्याचे, फास त्याचा आणि जबाबदार कोण, तर गूळ. हे तो कुणाला सांगतोय? ज्याच्या एका सहीवर त्याची फाशी टळली आहे, त्या साहेबाला. माफीची अट अशी, की साथीदारांची नावं सांगायची, गाडलेल्या जागा दाखवायच्या, लपवाछपवी निघाली तर माफी गेली. साक्षीदार सुटत नसत. त्यांना जबलपूरला पहाऱ्यात ठेवत, तिथे तंबू आणि गालिच्यांचा कारखाना निघाला. पण मान वाचायची. अशा माणसाला ‘पैशासाठी मारलं’ म्हणण्यापेक्षा ‘देवीने आणि गुळाने करवलं’ म्हणणं सोयीचं, आणि साहेबालाही तेच ऐकायला हवं, कारण चार दरोडेखोर पकडल्यापेक्षा अख्खा पंथ मोडून काढल्याचं श्रेय मोठं. दोघांची सोय एकाच उत्तरात होते तिथे पेन्सिलने रेघ मार.

शिवाय मधले हात मोज. ठग आपल्या बोलीत सांगतो, कचेरीतला मुनशी उतरवून घेतो, साहेब इंग्रजीत नेतो, छापताना निवडानिवड होते आणि मग टेलर त्या साहित्यातून एक नायक घडवतो. पाच हातांतून आलेलं वाक्य तू रात्री साडेअकराला मोबाइलवर वाचतेस, तेव्हा ते थेट अमीर अलीच्या तोंडून आल्यासारखं वाटतं. ती टेलरच्या ‘मी’ची करामत.

७१९ या आकड्याचं काय करायचं? गणित. पुस्तकात अमीर अलीची हकिगत ऐकून घेणारा साहेब त्याचं वय पस्तीस-चाळीसच्या घरातलं सांगतो. चाळीस धर. अठराव्या वर्षी सुरुवात धरली तर हाती बावीस वर्षं. त्यातली बारा तो कैदेत होता म्हणतो. उरली दहा. म्हणजे वर्षाला सरासरी बहात्तर. पावसाळ्यात टोळ्या घरी असत, दसऱ्यानंतर निघत. मधला काही काळ तो पेंढाऱ्यांबरोबरही होता. उरलेल्या महिन्यांत दर चार दिवसांना एक तरी खून पडतो. टोळी एका वेळी आठ-दहा जणांना मारत असेल तर हे अशक्य नाही, पण मग हा आकडा ‘त्याने मारलेल्यांचा’ राहत नाही, तो हजर असलेल्या खुनांचा होतो. आणि तिथेच ग्यानबाची मेख आहे. पंचवीस जणांच्या टोळीने चाळीस माणसं मारली आणि प्रत्येकाने ‘मी चाळिसांत होतो’ म्हटलं, तर कागदावर हजार बळी होतात. जमिनीत प्रेतं चाळीसच.

याचं खरं उदाहरण नेटवर रोज दिसतं. बेहराम नावाच्या ठगाने ९३१ खून केले, असं विक्रमांच्या पुस्तकांतही छापून आलं. तो आकडा लखनौच्या जेम्स पेटन या अधिकाऱ्याच्या कागदांतला आहे. त्याच कागदांत बेहरामचं स्वतःचं म्हणणं असं, की माझ्या हाताने सव्वाशेच्या आसपास मेले असतील, आणखी दीडशे मरताना पाहिले. सव्वाशे काही थोडे नाहीत. पण ९३१ आणि १२५ यांत फरक आहे, आणि मनोगतात तू ९३१ लिहिलंस तर जाणकार परीक्षक पुढचं वाचणारच नाही.

आता तुझा बिघाड. तुझ्यात काही बिघडलेलं नाही, टेलरला आपलं काम येत होतं इतकंच. पुस्तक पुन्हा चाळ आणि तुला अमीर अली आवडायला लागला त्या जागा लाल पेन्सिलने टिप. अंदाजाने सांगतो काय सापडेल. त्याचे आईबाप ठगांनीच मारले, म्हणजे पुस्तकातला पहिला बळी तोच. त्यांच्यातलाच इस्माइल त्याला बापाच्या मायेने वाढवतो. मग प्रेम, लग्न, संसार. शेजारी गणेशा नावाचा त्याहून क्रूर माणूस उभा केला आहे, त्यामुळे हा उजळ दिसतो. मध्येच साहेब गोष्ट थांबवून अमीर अलीचा सौम्य चेहरा, नीटनेटका पोशाख, अदबशीर बोलणं यांचं वर्णन करतो. आणि कैद. कोंडलेला माणूस सुटावा असं वाचकाला वाटतंच, तो का कोंडला आहे हे क्षणभर विसरायला होतं. या पाच-सहा जागांची पानं लिहून ठेव. ‘तो सुटावा असं मला का वाटलं’ याचं उत्तर त्या पानांत आहे आणि मनोगताचा गाभाही तोच.

नावं आठवत नाहीत, याची टोचणी तुला लागली हे फार चांगलं झालं. त्यासाठी एक काम कर. कुठलीही तीन प्रकरणं घे, वहीत पाच रकाने आख : नाव, धंदा, कुठून निघाला, कुठे जात होता, जवळ काय होतं. प्रत्येक बळीसाठी एक ओळ. बहुतेक ठिकाणी शेवटचा रकाना भरेल, शाली, मोहरा, घोडा, हुंड्या. पहिला रिकामा राहील. गोष्ट लुटणाऱ्याच्या नजरेने सांगितली की माणूस ऐवजाच्या यादीत जातो. ठगांच्या बोलीत बळीला ‘बुनिज’ म्हणत, म्हणजे माल. आणि स्लीमनच्या कागदांत मोठ्या खुनांची नावंच मुळी ‘चालीस रूह’, ‘साठ रूह’ अशी आहेत. चाळीस जीव, साठ जीव. कोण, ते नाही. तुझी आठवण कमी पडली नाही, कागदातच नावं नाहीत. तुझ्या मनोगतात तो रिकाम्या रकान्याचा तक्ता जसाच्या तसा दे. बाराशे शब्दांत त्याच्याइतकं बोलणारं दुसरं काही नसेल.

लिहिताना शब्दांची वाटणी अशी ठेव. सुरुवातीला शंभर-सव्वाशे शब्द : हे काय पुस्तक आहे, कुणी, कधी लिहिलं. मग साडेतीनशे शब्द एकाच उताऱ्यावर. उतारा खुनाचा घेऊ नकोस, त्याच्या आधीचा घे, वाटसरू आणि टोळी बरोबर चालतात, एकत्र जेवतात, गप्पा मारतात तो. खून दोन ओळींत होतो, विश्वास बसायला दिवस लागतात, आणि टेलरची सगळी कारागिरी त्या दिवसांत आहे. मग तीनशे शब्द कोण बोलतंय आणि आकड्याचं काय, यावर. अडीचशे शब्द तुझ्या आवडीवर, पानांसकट. उरलेले तक्ता आणि त्याखालच्या दोन-चार ओळींना. आधी मराठीत टिपणं काढ, मग इंग्रजीत लिही. थेट इंग्रजीत बसलीस तर दुसऱ्यांनी घासून गुळगुळीत केलेली वाक्यं हाताला लागतील.

सगळ्यात जास्त गोंधळ गोष्ट सांगण्याने होतो. वर्गात प्रत्येक जण कथानक सांगण्यात पाचशे शब्द घालवतो आणि विचाराला जागा उरत नाही. कथानक तीन वाक्यांत. दुसरी चूक म्हणजे अमीर अलीला ‘सायकोपॅथ’ म्हणणं. तो कादंबरीतलं पात्र आहे, त्याचं निदान करून काय मिळणार? ‘सिरियल किलर’ हा शब्दसुद्धा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. एकट्याने, आतल्या ओढीने मारणाऱ्यासाठी तो आहे. लुटीसाठी टोळीने, कामं वाटून घेऊन मारणाऱ्यांना तो नीट लागू पडत नाही. वापरायचाच तर का वापरला ते एका ओळीत सांग. तिसरी : ‘ठग ही जमात’ असं चुकूनही लिहू नकोस. पकडलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ब्राह्मणही होते.

या तिसऱ्या चुकीशी सोलापूरचा थेट संबंध आहे, म्हणून जरा थांबतो. १८३६च्या ३०व्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरला, शिक्षा जन्मठेप, सक्तमजुरी. अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करायची गरजच उरली नाही. ‘हा आमच्यात होता’ एवढं साक्षीदाराने म्हटलं की भागायचं. गुन्हा रक्तातून येतो ही समजूत पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली आणि त्याच्या पुढच्या सुधारित रूपाखाली पारधी, कैकाडी अशा जमातींची माणसं तारेच्या कुंपणात ठेवली गेली. सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हणतात तो भाग तू पाहिला असशील, ते नाव तिथूनच आलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. ठगाची व्याख्या मात्र दंडसंहितेच्या ३१०व्या कलमात तशीच बसून होती, ती १ जुलै २०२४ला नवी न्यायसंहिता लागू झाली तेव्हा गळाली. म्हणजे तुझ्या पुस्तकाचं भूत आत्ता-आत्तापर्यंत कायद्यात नांदत होतं. हे सगळं बाराशे शब्दांत कोंबू नकोस, सेटलमेंटची एक ओळ आली तरी वर्गातली चार डोकी वर होतील.

झोपेचं. या आठवड्यात पुस्तक दिवसाउजेडी वाच, टेबलाशी बसून, पेन्सिल हातात घेऊन. अंथरुणात मोबाइलवर वाचताना आपण गोष्टीत वाहत जातो. रेघा मारत वाचलं की मजकूर कागदावर राहतो. झोपायच्या आधी दोन तास ते नाव काढू नकोस. तरीही पंधरा दिवसांनंतर तेच तेच डोळ्यांपुढे येत राहिलं, जेवण-अभ्यास बिघडला, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात.

बाराशे शब्द सावकाश वाचायला नऊ-दहा मिनिटं लागतात. बुधवारी एकदा घड्याळ लावून मोठ्याने वाच, आणि श्रोता म्हणून आजीलाच बसव. तक्त्याच्या पहिल्या रकान्यापाशी ती काय म्हणते, ते टिपून ठेव.